विश्लेषण : मुंबई विमानतळ ते क्रूझ टर्मिनल... २५ किलोमीटरसाठी किती वेळ हाताशी ठेवावा?

विमान चुकले तर खिशाला चाट बसते, पण दुसरे विमान मिळते. जहाजाचे तसे नसते. सकाळच्या विमानाने नागपूर किंवा हैदराबादहून मुंबई गाठायची आणि दुपारी बॅलार्ड पिअरहून गोव्याकडे निघणाऱ्या क्रूझवर चढायचे, असा बेत अनेक कुटुंबे आखतात. कागदावर तो सरळ दिसतो. विमान तासभर उशिरा उतरले, बॅगा पट्ट्यावर यायला अर्धा तास गेला आणि त्यात शुक्रवारची वाहतूक भेटली, की दोघातिघांच्या तिकिटाचे हजारो रुपये धक्क्यावरच बुडतात. तिकिटावर ठळक छापलेली वेळ जहाज सुटण्याची असते. प्रवेश त्याच्या बराच आधी बंद होतो आणि ती वेळ त्याच तिकिटावर बारीक अक्षरात असते. सगळा हिशेब त्या बारीक अक्षरातल्या वेळेपासून उलटा मांडायचा.

नेमके जायचे कुठे?

‘बोट पकडायची आहे’ एवढेच चालकाला सांगितले तर तो गेटवे ऑफ इंडियाला नेईल किंवा भाऊच्या धक्क्याला. गेटवेहून घारापुरी आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो आणि मोरा, रेवसच्या बोटी निघतात. मोठी क्रूझ जहाजे लागतात ती बॅलार्ड पिअरला. तिथल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. चालकाला ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ असे सांगावे. भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत फिरायचे म्हणजे पी. डिमेलो मार्गावर अर्धा तास सहज जातो.

बंदर हे सुरक्षित क्षेत्र असल्याने प्रवेशद्वारावरच तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट हवाच.

टॅक्सी की मेट्रो?

विमानतळाचे टर्मिनल २ ते बॅलार्ड पिअर हे अंतर रस्त्याने साधारण २५ किलोमीटर. पहाटे पाऊण तासात पोहोचवणारा हाच रस्ता संध्याकाळी दोन तासही घेतो. त्यामुळे ‘सरासरी सव्वा तास’ या आकड्याला इथे फारसा अर्थ नाही. अॅप दाखवते तो वेळ निघण्याच्या क्षणाचा असतो, वाटेत काय होईल याची हमी त्यात नसते. जहाज पकडायचे तर सरासरीपेक्षा वाईटात वाईट दिवशी किती वेळ लागेल, तो आकडा धरावा.

पश्चिमेकडून गेल्यास वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि पुढे सागरी किनारा मार्ग, म्हणजे मरिन ड्राइव्हपर्यंत बहुतेक रस्ता सिग्नलविना. सेतूवर मोटारीला एकेरी १०० रुपये टोल आहे, किनारा मार्गावर टोल नाही. अडचण मरिन ड्राइव्हनंतर सुरू होते. बंदर शहराच्या पूर्व कडेला आहे, त्यामुळे चर्चगेट आणि फोर्टमधली कचेऱ्यांची गर्दी आडवी कापावी लागते. पूर्वेकडून चेंबूरमार्गे मुक्त मार्ग धरला तर गाडी थेट पी. डिमेलो मार्गावर उतरते आणि ग्रीन गेट तिथून दोनेक किलोमीटरवर राहते. मात्र विमानतळाहून चेंबूरपर्यंत पोहोचणे हेच गर्दीच्या वेळी दिव्य असते. शिवाय ऑरेंज गेट ते मरिन ड्राइव्ह भुयारी मार्गाचे काम मुक्त मार्गाच्या याच टोकाला सुरू आहे. सकाळी लवकर पूर्वेकडून आणि दुपारी पश्चिमेकडून, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

रिक्षाचा विचार बाहेरगावच्यांनी सोडून द्यावा. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीवपर्यंतच चालते.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलच्या नावाची वेगळी स्थानके आहेत. पूर्ण मार्गाचे तिकीट ७० रुपये, म्हणजे सीएसएमटीपर्यंत त्याहून कमीच. प्रवास पाऊण तासाचा. स्वस्ताईपेक्षा महत्त्वाचे हे, की आज लागलेला पाऊण तास उद्याही पाऊण तासच राहतो. टॅक्सीला ते जमत नाही. एकटादुकटा प्रवासी, चाकांची एक बॅग आणि दुपारची वेळ असेल तर मेट्रोच घ्यावी. सकाळी नऊ-दहाला दक्षिणेकडे जाणाऱ्या गर्दीत चार मोठ्या बॅगा आणि आजी-आजोबांना घेऊन शिरणे मात्र नको. भुयारात मोबाइलला रेंज मिळत नसल्याच्या तक्रारी सुरुवातीपासून आहेत, तेव्हा क्रूझचे तिकीट आणि ओळखपत्र आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावे.

सीएसएमटीनंतरचे काय?

खरे दुखणे इथे आहे. मेट्रोचे सीएसएमटी स्थानक आझाद मैदानाच्या बाजूला, बंदर त्याच्या पूर्वेला जीपीओच्या पलीकडे. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि तेवढ्यात किंवा थोड्या जास्तीत हे अंतर संपते. नेमके म्हणूनच जवळचे भाडे म्हणून काही काळी-पिवळीवाले मान हलवतात. बॅगा ओढत पदपथावरून जायचे तर फेरीवाले आणि उखडलेल्या फरशा.

नवे टर्मिनल आणि मेट्रोचा अखेरचा टप्पा यांची उद्घाटने तीन आठवड्यांच्या आत झाली. शेकडो कोटींच्या या दोन सोयींना जोडणारा दुवा इतका तोकडा असावा, याला निधीची टंचाई हे कारण पुरत नाही. जहाज कोणत्या दिवशी, किती वाजता लागणार हे कित्येक महिने आधी ठरलेले असते. त्या दिवसांपुरती सीएसएमटी मेट्रो ते ग्रीन गेट अशी सामान ठेवण्याची जागा असलेली बस दर वीस मिनिटांनी सोडणे अशक्य नाही. बंदर प्राधिकरण, मेट्रो आणि बेस्ट यांनी एका टेबलावर बसण्याचा हा प्रश्न आहे. क्रूझ पर्यटन वाढवायचे असे सरकार म्हणते, तर त्याचा एक भाग हाही आहे.

नवी मुंबईला उतरल्यास?

नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिकीट काढताना कोणता विमानतळ ते नीट पाहावे. तिथून उलवे, अटल सेतू, शिवडी आणि पुढे मुक्त मार्ग असे यावे लागते. अंतर जास्त, अटल सेतूचा टोल मोटारीला एकेरी २५० रुपये. तरी हा रस्ता बंदराच्या बाजूलाच उतरतो आणि उपनगरांतली कोंडी त्यात येत नाही, त्यामुळे टॅक्सीनेच जायचे असेल तर तो वाईट नाही.

विमान कधीचे घ्यावे?

प्रवेश बंद होण्याच्या किमान पाच-सहा तास आधी मुंबईत उतरणारे. उत्तर भारतातून डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच यावे, धुक्यामुळे विमाने रखडतात. फोर्टमध्ये एक रात्र काढण्याचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा कमीच असतो.

परतीलाही तीच काळजी. जहाज सकाळी लागले तरी हजार-दीड हजार प्रवासी एकदम उतरतात आणि बॅगा, रांगा, टॅक्सी यांत दोन-तीन तास जातात. दुपारी दोनच्या आधीचे विमान घेऊ नये. गोव्यातच सहल संपवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : जहाज मुरगाव बंदराला लागते आणि वास्कोलगतचा दाभोळी विमानतळ तिथून जवळ आहे. मोपाचा विमानतळ पार पेडण्यात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’ असेच दिसते.