दाद मागण्याचे दार कोणी बंद केले?



“काम मध्यवर्ती सरकारचे आहे, तेथे आपण बोलून काय उपयोग?” हे उद्गार आपल्या वस्त्यांतून वारंवार कानी पडतात. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाहीत. दैव मानण्याचे आपण सोडले आणि दैवाच्या रिकाम्या पाटावर सरकारला बसविले, तर मग सोडले ते काय? म्हणून अमेरिकेतील एका कायद्याची, आणि त्याच्या गळचेपीची, हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

अमेरिका हे संघराज्य. तेथे १९७२ साली किनारपट्टीच्या व्यवस्थापनाचा अधिनियम झाला. त्याच्या ३०७ व्या कलमाचा आशय असा की, ज्या घटकराज्याने किनाऱ्याच्या रक्षणाचे नियम करून त्यांस रीतसर मान्यता मिळविली आहे, त्याच्या किनाऱ्यावर परिणाम करणारे काम मध्यवर्ती खात्याला काढावयाचे असेल, तर ते काम त्या नियमांशी शक्य तितके सुसंगत असल्याचे खात्याने अंतिम मंजुरीच्या किमान ९० दिवस आधी राज्याला कळविले पाहिजे. धक्का असो वा लष्कराची इमारत असो! राज्य मग तपासणी करते, लोकांचे म्हणणे ऐकते आणि संमती अथवा हरकत नोंदविते. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे, हे वकील या नात्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि हरकत आली की वाद न्यायासनापुढे नेता येतो. देशाचे सर्वोच्च हित सांगून सूट देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे खरा, परंतु तो न्यायालयाच्या निर्णयानंतर, आधी नव्हे. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या कलमाचा अर्थ आकुंचित केला, तेव्हा १९९० साली कायदेमंडळाने दुरुस्ती करून तो पुन्हा रुंद केला.

येथवर सर्व ठीक. आता कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोकडे चला. मेक्सिकोची सरहद्द तेथे पॅसिफिक महासागराला मिळते आणि लगतच तिजुआना नदीची खाडी आहे. सरहद्दीच्या कुंपणाचा समुद्राकडील शेवटचा भाग बांधण्यासाठी ‘स्मगलर्स गल्च’ नावाची खोल घळ लक्षावधी घनयार्ड मातीने भरण्याची मध्यवर्ती सरकारची योजना होती. माती खाडीत उतरली तर खाडीचे काय? १९७२ च्या लोकमतातून जन्मलेल्या कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने फेब्रुवारी २००४ मध्ये हरकत घेतली. कुंपणच नको, असे आयोगाचे म्हणणे नव्हते. कमी हानीचे मार्ग असताना हीच रचना कशासाठी, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते नव्या कायद्याने. मे २००५ च्या ‘रिअल आयडी’ अधिनियमाने अंतर्गत सुरक्षेच्या मंत्र्याला, कुंपण लवकर व्हावे म्हणून आपल्याला आवश्यक वाटेल तो कोणताही कायदा बाजूस सारण्याची मुभा दिली. सप्टेंबरात मंत्री मायकेल चर्टॉफ यांनी तशी सही केली. किनाऱ्याचा कायदा पुस्तकात जसाच्या तसा राहिला. त्या पट्ट्यापुरता तो मेला! आणि फिर्याद करावयाची, तर ती घटनाभंगाच्या मुद्द्यावरच, तीही ६० दिवसांत, आणि मधल्या न्यायालयात अपील नाही. घळ पुढे भरली गेली.

सरहद्दीचे रक्षण राष्ट्राने करावे, यात वाद नाही. माझा आक्षेप दार लावून घेण्याला आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासभेत परमपूज्य बाबासाहेबांनी आजच्या ३२ व्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले. ते कलम कसले? दाद मागण्याचे! अमेरिकेत त्या पट्ट्यापुरता नेमका तोच मार्ग जवळजवळ बुजविला गेला.

आपल्याकडे तर पाया अधिकच कच्चा आहे. किनारा नियमनाची १९९१, २०११ व २०१९ ची अधिसूचना हा संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नव्हे. ती मध्यवर्ती सरकार काढते आणि तेच बदलते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरात मध्यवर्ती सरकारच्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. ज्या राज्याने तपासावयाचे, तेच भागीदार!

उरते ती २००६ च्या अधिसूचनेतील जनसुनावणी. राष्ट्रसंरक्षणाचे काम असल्यास तीही नाही. जेथे आहे, तेथे किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. उपस्थितांपैकी कोणालाही बोलता येते, लेखी हरकतही देता येते. हरकत द्या आणि पोच घ्या. बुद्धाच्या भिक्खूसंघात गणपूर्तीचा नियम होता, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासभेला सांगितले. या सुनावणीला मात्र गणपूर्तीची अट नाही. तुमच्या वस्तीतून एकही माणूस गेला नाही, तरी सुनावणी झाली अशीच नोंद होते.