पारा कपाटातून निघावा, पण भंगारात जाऊ नये

पाऱ्यावर बंदी आली, असे आपण काही वर्षे ऐकत आलो आहोत. ती बंदी नेमकी कशावर आहे, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. मिनामाता करार २०१३ साली जपानमधल्या कुमामोतो येथे झाला आणि भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाब मोजायची पाऱ्याची यंत्रे यांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवायला या कराराने २०२० ही मुदत घातली आणि देशांना मुदतवाढ मागायची सोय ठेवली. म्हणजे बंदी बनवण्यावर आणि व्यापारावर आहे. जे यंत्र आधीच विकत घेतले आहे आणि आज कुठल्यातरी कपाटात पडले आहे, त्याच्या वापराला करार हात लावत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात आसनगावला उतरून शहापूर, किन्हवली, डोळखांबकडे जा, नाहीतर पलीकडे मुरबाड, सरळगाव, टोकावड्याकडे. जिथे जुने दवाखाने आणि शाळांच्या जुन्या प्रयोगशाळा आहेत, तिथे हा प्रश्न आहे. नवीन खरेदी थांबली म्हणून जुना पारा संपत नाही. तो मोजून, नोंद करून तालुक्याबाहेर सुरक्षित ठिकाणी नेण्याची जबाबदारी कोणावर तरी नावानिशी टाकली पाहिजे. ती टाकली नाही, तर डिजिटल यंत्रे आल्याच्या आनंदात जुनी यंत्रे भंगारात जातील आणि चांगल्या निर्णयातूनच नुकसान होईल.

रक्तदाबाच्या जुन्या यंत्रात काय असते, ते पाहू. लांबट पेटीचे झाकण उभे केले की काचेची नळी दिसते, तिच्यावर तीनशेपर्यंतचे आकडे आणि तळाशी पाऱ्याची छोटी टाकी. या टाकीत साधारण ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. तापाच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम, ट्यूबलाइटमध्ये तर काही मिलिग्रॅम. म्हणजे रक्तदाबाचे एक यंत्र फुटले, तर शंभरेक थर्मामीटर एकदम फुटल्यासारखे होते. पारा साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत जातो. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेचा मोठा भाग फुप्फुसे शोषून घेतात. तिथून ती मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचते. सांडलेला पारा झाडूने गोळा करायला गेले की एका थेंबाचे शेकडो बारीक मणी होतात, फरशीच्या फटीत, चटईत, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगांत शिरतात आणि महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतात. हे काम आपल्याकडे डॉक्टर करत नाहीत. ते करतात सफाई कामगार, परिचर, मदतनीस बाई. धोका त्यांच्या वाट्याला येतो आणि माहिती मात्र त्यांना सगळ्यांत शेवटी मिळते.

पारा काढणे आणि पाऱ्याची विल्हेवाट लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाने दीपगृहांच्या बाबतीत नीट ओळखले. १८९० च्या सुमारास बुर्देल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहाचे अवजड भिंग पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायची युक्ती काढली. काही टनांचे भिंग बोटाने ढकलले तरी फिरू लागले आणि ही पद्धत जगभर पसरली. मोठ्या दीपगृहांत शेकडो किलो पारा असे आणि रखवालदार त्याच बंद मनोऱ्यात दिवस काढत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात हा पारा काढायची वेळ आली, तेव्हा ते काम प्रशिक्षित माणसांकडे देऊन, हवा तपासत, सीलबंद भांड्यांत भरून केले गेले. भिंगे वारसा म्हणून जपली, पारा जपला नाही. आपल्या दवाखान्यांतली यंत्रे छोटी आहेत, पण रीत तीच लागते.

ती पाळली नाही तर काय होते, ते कोडाईकनालने दाखवले आहे. तिथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, तो कारखान्याबाहेरच्या एका भंगाराच्या आवारात सात टनांहून अधिक पाराबाधित फुटकी काच सापडल्यामुळे. पुढे २००३ मध्ये सुमारे २९० टन पाराबाधित माल जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. जागेच्या मातीचा प्रश्न त्यानंतरही वर्षानुवर्षे चालला. सुरुवात भंगारापासून झाली, हे आपण लक्षात ठेवायचे. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भंगाराच्या दुकानातून भिवंडीच्या गोदामापर्यंत जाणाऱ्या मालात पितळ, ॲल्युमिनियम, काच वेगळी काढताना पारा कुठे सांडला, हे कोणी विचारत नाही.

आपला जिल्हाही या विषयात नवखा नाही. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ साली निबंध प्रसिद्ध केला होता. २००९ सालीही उल्हास खाडीच्या गाळातला पारा हा शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय होता. तो पारा मुख्यतः कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांचा, दवाखान्यांचा नव्हे. पण गाळात गेलेला पारा नाहीसा होत नाही. तिथले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठतो. मुरबाडची काळू आणि शहापूरची भातसा पुढे याच उल्हासच्या पाण्याला मिळतात. भातसा धरणातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो आणि ओढ्या-नदीतले मासे हे कातकरी, ठाकूर कुटुंबांचे रोजचे कालवण आहे.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचाच असतो आणि तो गंभीर आहे. पाऱ्याचे यंत्र सर्वांत अचूक, डिजिटलचा भरवसा नाही, सेल संपतात, पावसाळ्यात वीज जाते. नीट राखलेले पाऱ्याचे यंत्र अचूक असते, हे मान्य. पण नळी आतून काळवंडलेली, पारा शून्यावर न बसणारा, टाकीच्या तोंडाशी गळणारा, अशा यंत्राची अचूकता फक्त नावापुरती उरते. तपासून प्रमाणित केलेली डिजिटल आणि तबकडीची यंत्रे आज उपलब्ध आहेत. तबकडीच्या यंत्राला वीज लागत नाही, मात्र त्याची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. तेव्हा या आक्षेपातून निघणारी खरी मागणी तपासणीच्या व्यवस्थेची आहे, पारा ठेवण्याची नाही. प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा यंत्रे तपासली जातील, एवढी तरतूद खरेदीच्या वेळीच व्हायला हवी.

दुसरा आक्षेप असा, की कोळशावरची वीजकेंद्रे हवेत कितीतरी जास्त पारा सोडतात, मग या चिमूटभर पाऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? वीजकेंद्रांचा हिशेब मागायलाच हवा. पण धुराड्यातून निघून गेलेला पारा कोणी परत गोळा करू शकत नाही, आणि हा मात्र आज काचेत बंद आहे, कुठे आहे ते माहीत आहे, उचलून नेता येतो. उद्या तो मातीत मिसळला की लाखो रुपये खर्चूनही पुरता निघणार नाही. तिसरे म्हणणे, ‘आम्ही लहानपणी पारा हातात घेऊन खेळलो, काही झाले नाही, आणि आयुर्वेदात तर पारा औषधच आहे.’ तळहातावरचा पारा त्वचेतून फारसा आत जात नाही, हे खरे. घात करते ती वाफ. आणि रसशास्त्राचे म्हणाल, तर त्यात पाऱ्यावर आठ संस्कार सांगितले आहेत ते पारा दोषयुक्त मानला म्हणूनच. अशुद्ध पारा निर्धोक आहे, असे ती परंपरा कधीच म्हणाली नाही.

व्यवस्था उभी करायला नवे काही शोधावे लागणार नाही. दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी आधीच फिरते. फक्त पारा तिच्या पिवळ्या पिशवीत जाता कामा नये, कारण ती पिशवी भट्टीत जाते आणि भट्टीत पारा जळत नाही, धुराड्यातून बाहेर पडतो. जाड झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या, प्रत्येक बरणीवर दवाखान्याचे नाव आणि यंत्रांची संख्या, आणि वर्षातून दोन ठरलेल्या दिवशी वेगळी फेरी, एवढे पुरे आहे. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र तळोज्याला आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय कल्याणला आहे. वैद्यकीय उपकरणांतला पारा काढण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात भारत सामील आहे. त्याचा लाभ दिल्ली-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपुरता न राहता तालुक्यापर्यंत यावा, हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आग्रहाने मांडायला हवे. सरकारी केंद्रात जुने यंत्र जमा केल्याची पावती दाखवल्याशिवाय नवे यंत्र देऊ नये. खाजगी डॉक्टरांना आणि शाळांना मात्र दंडाची भीती दाखवू नये, कारण भीती दाखवली की पेट्या रातोरात भंगारवाल्याकडे जातील. त्यांचा पारा फुकट आणि चौकशीविना स्वीकारावा, आणि वाहतुकीचा खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीतून व्हावा.