‘घरी न्या, सेवा करा’ याच्या पुढचं शिक्षण

“आता घरी न्या, सेवा करा.” हे ऐकून मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडलेलं एखादं कुटुंब प्रत्येकाच्या ओळखीत असतं. सांगणारा डॉक्टर बहुधा निर्दय नसतो. यापुढचं त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं? रात्री दोनला दुखणं अनावर होतं, घास गिळत नाही, छातीतली घरघर ऐकून घरच्यांचा धीर सुटतो. यातल्या बऱ्याच त्रासांवर उतारा आहे; त्याला उपशामक (पॅलिएटिव्ह) उपचार म्हणतात. मात्र तो शिकावा लागतो, आणि नीट, वरच्या पातळीवर शिकावा लागतो.

तंबाखूने झालेला तोंडाचा कर्करोग घ्या. गालावरची जखम चिघळली की वासामुळे माणसाची खाट पडवीत जाते. नातवंडं जवळ येत नाहीत. तो स्वतःच तोंडावर उपरणं ओढून भिंतीकडे कूस वळवतो. हा वास बहुतांशी प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंचा असतो. जखम धुऊन मेट्रोनिडाझोलची साधी, स्वस्त गोळी बारीक कुटून तीवर पसरली की काही दिवसांत वास आटोक्यात येतो आणि खाट घरात परत येऊ शकते. एवढी छोटी गोष्ट माहीत नसल्यामुळे माणसं शेवटचे महिने एकटी काढतात, याचा मला राग येतो.

मॉर्फीनचंही तसंच. ते ज्यापासून बनतं त्या अफूची मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात कायदेशीर शेती होते, तरी वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला मॉर्फीन मिळणं दुरापास्त. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं जंजाळ इतकं वाढवलं, की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, पण डॉक्टरांची भीती कायद्याने जात नाही. दुखू लागण्याची वाट न बघता गोळी घड्याळाप्रमाणे, साधारण दर चार तासांनी द्यायची, बद्धकोष्ठ हटकून होतं म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक सोबत द्यायचं, मात्रा दुखण्याच्या मापाने वाढवायची: हे अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली केल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन लिहिणारा हात स्थिर होत नाही.

सर्वांत अवघड धडा बोलण्याचा. “डॉक्टर, आईला सांगू नका हं,” असं मुलगा दाराबाहेर गाठून सांगतो. उपशामक उपचारांच्या वर्गात याचा सराव करतात. एक जण मुलगा होतो, एक डॉक्टर. नवखा डॉक्टर रुग्णाच्या हक्कांवर बोलू लागतो आणि मुलगा मिटतो. शिकलेला विचारतो, “सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?” आणि गप्प बसतो. मग हळूच, “आई काही विचारतात का?” मुलगा म्हणतो, “परवा विचारत होती, माझ्या पाटल्या कोणाला द्यायच्या म्हणून.” आईला कळलेलं असतं. तिथून पुढे त्या दोघांना एकमेकांशी बोलतं करणं हे कौशल्य आहे. स्वभावाने चांगलं असणं त्याला पुरत नाही.

आपल्याकडे उपशामक उपचारांची सुरुवात लवकर झाली. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६चं, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७चं. पॅलिएटिव्ह मेडिसिनमधल्या एमडीला २०१०मध्ये मान्यता मिळाली आणि २०१२मध्ये देशातला पहिला अभ्यासक्रम परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरू झाला. दिल्लीच्या एम्सने २०१६मध्ये तो घेतला. याचा अभिमान आहेच. पण एमडीचा दरवाजा फक्त डॉक्टरांना उघडतो, तेही तीन वर्षं सगळं सोडून येऊ शकणाऱ्यांना. परिचारिकेची, फिजिओथेरपिस्टची, समाजसेवकाची वाट बहुतेक छोट्या प्रमाणपत्रांपाशी संपते.

हे मूळ विचाराशीच विसंगत आहे. लंडनमध्ये १९६७मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, ही त्यांची मांडणी त्या तिन्ही कामांतून आली. इथलंच उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या केईएममधल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळलं. त्या हातांतल्या ज्ञानावर उच्च शिक्षण उभं राहू शकत होतं. आपण त्याला माया म्हटलं आणि थांबलो.

नोकरी न सोडता असा अभ्यास करता येतो. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाने १९८९पासून डॉक्टरांना पॅलिएटिव्ह मेडिसिन दूरशिक्षणाने शिकवलं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दोन वर्षांचा अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम आखावा. त्यात डॉक्टर आणि परिचारिका एकाच बाकावर बसाव्यात, संवादाचा सराव मराठीत व्हावा, आणि प्रात्यक्षिकं लोकांच्या घरी जाऊन व्हावीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) मान्य केलं, २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. ते इच्छापत्र रुग्णासोबत बसून समजावणारं माणूस गडचिरोलीत, नंदुरबारमध्येही लागेल. त्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या शिक्षणाशी जोडलेलं पथक हवं: एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि घरोघर जायला एक गाडी. आरोग्य खात्याने येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.