मुलाची वही आणि घरचा केर

शाळेने मुलांना घरातील प्लॅस्टिकचा कचरा आठवडाभर मोजून लिहायला सांगितले की काही पालकांच्या कपाळावर आठी पडते. आमच्या घरात काय येते आणि काय जाते, ते शाळेला कशाला, असा त्यांचा सवाल असतो. उलट शाळेला वाटते, पालकांना शिक्षणाची कदर नाही. आमच्या मते दोघांनीही जरा थांबून विचार करावा.

रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात कारागिराचे घर आणि काम यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. शिंप्याच्या केरात बटनांची आणि धाग्याची पाकिटे निघणार, मिस्त्रीच्या केरात सुट्या भागांची वेष्टने. त्यांवर कंपनीचा छाप असतो, कधी भावही असतो. हे सारे नावानिशी वहीत उतरले आणि वर्गात वाचले गेले, तर धंद्याची खबर गावभर व्हायला किती वेळ लागतो? औषधाच्या रिकाम्या पट्ट्या घरातले आजारपण सांगतात. दुधाची एकही पिशवी नसेल, तर तीही काही सांगून जाते. गरिबाच्या पोराने हे चारचौघांत का वाचावे?

पालकांची ही काळजी खुळी नाही. घरात कोण काय खातो यात सरकारनेही डोकावू नये, हा विचार मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी मांडला आणि परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगी जीवन जपणे हा मूलभूत हक्क ठरवला. जे सरकारला लागू, ते शाळेनेही ध्यानात घ्यायला हवे.

पण व्यापारी बांधवांनो, दुसरी बाजूही ऐका. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड आणि वर कैद. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे ग्लास, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद झाले. आपल्या गल्ल्याखाली अजून पातळ पिशव्यांची थप्पी असेल आणि मुलाची वही आपल्याविरुद्ध साक्ष देईल अशी भीती असेल, तर इलाज वही लपवण्यात नाही, पिशवी बंद करण्यात आहे. खासगीपणाच्या नावावर कायदा मोडण्याची सोय कोणी मागू नये. मूल बापाला खोटे लिहायला सांगताना पाहते, तेव्हा ते गृहपाठापेक्षा मोठा धडा शिकते.

शाळांना आमची सूचना साधी आहे. मुलांनी कंपनीची नावे लिहू नयेत, फोटो काढू नयेत. पिशव्या, बाटल्या, वेष्टने एवढेच वर्ग करावेत आणि किती नग ते लिहावे. चिठ्ठीवर नाव नको. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकून पूर्ण वर्गाची बेरीज फळ्यावर मांडावी. बेरजेतून गावाचा कचरा कळेल, कुणाचे घर उघडे पडणार नाही. वाटल्यास भंगारवाल्या भाईंना एक दिवस वर्गात बोलवावे. कोणते प्लॅस्टिक विकले जाते आणि कोणते नुसते नालीत जाऊन बसते, हे पुस्तकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

आणि पालकांनी ओट्यावर बसून कुरकुर करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. दुकान तासभर बंद ठेवून त्या बैठकीला जावे आणि ही गोष्ट सभ्यपणे मांडावी. मुलांचा अभ्यास बंद पाडू नये, त्याची रीत बदलून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.