दुखणे आपले, औषध नदीला!

दिवाळीच्या अंकात सांडपाण्याचे नाव काढले म्हणून संपादकांना बोल लावू नका. विषय माझा आहे आणि हट्टही माझाच. अभ्यंगस्नानाचे पाणी मोरीतून पुढे कोठे जाते, हे वर्षातून एकदा तरी घरातल्या लहानथोरांनी मिळून विचारावे, असे मला वाटते. त्या पाण्याच्या सोबतीने आणखी एक गोष्ट जाते, आणि तिच्याविषयी आमच्या खानदेशात फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे आपण गिळलेली औषधे.

गोळी पोटात गेली, गुण आला, की गोळी संपली, अशी आपली भाबडी समजूत असते. गोळी संपत नाही. मधुमेहाच्या मंडळींकडे घरोघरी असणारे मेटफॉर्मिन शरीरातून जवळजवळ जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग काही तासांतच तसाच निघून जातो. मग गटारातून नाल्यात आणि नाल्यातून जळगावी गिरणेत, धुळ्यास पांझरेत. मध्ये शुद्धीकरण केंद्र असले तर तेथले जंतू मैला खातात, पॅरासिटामॉलही बरेचसे फस्त करतात; पण अपस्मारावरचे कार्बामाझेपिन त्यांच्याने चाववत नाही. वेदनेवरचे डायक्लोफेनॅकही अर्धेमुर्धेच अडते. अशा औषधांसाठी अखेरीस पाण्यात ओझोन वायू सोडावा लागतो, नाहीतर सक्रिय कोळशातून ते गाळावे लागते.

एवढे बोलले, की शहाणी मंडळी हसतात. “अहो, इथे साधा मैला अडवायची मारामार, आणि तुम्ही औषधाच्या कणांच्या गोष्टी सांगता! हे श्रीमंत देशांचे चोचले!”

पहिला अर्धा आक्षेप खरा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि त्यांतले सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर प्रत्यक्षात शुद्ध होत होते. म्हणजे दहा घागरींतल्या सात तशाच ओतल्या जात होत्या. पण त्यावरून ‘चोचले’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे घराला दार नाही म्हणून कडी नको, असे म्हणण्यासारखे आहे.

श्रीमंतांची ऱ्हाइन नदी बारा महिने भरून वाहते. तिच्यात घागरभर घाण पडली तर ती विरळ करायला मागून पाणी येत असते. आमची पांझरा? होळीनंतर, धरणाचे आवर्तन नसताना, धुळ्याच्या पुलावरून खाली पाहा. वाळू, धोंडे आणि त्यांतून सरपटणारी एक काळी धार. ती नदी नव्हे. ती आपलीच मोरी! गिरणेचीही उन्हाळ्यात तीच कथा. जेथे विरळ करायला नदीच उरत नाही, तेथे सांडपाणी हीच नदी होते. तरीही स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना असे अंश ८० टक्के काढण्याचे कायद्याने बंधन घातले. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमांत या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्यांच्या माथी मारला. भरल्या नद्यांची माणसे सावध, आणि कोरड्या नद्यांचे आपण निर्धास्त!

भय कशाचे, ते सांगतो. जंतूंना अपुऱ्या मात्रेत औषध मिळाले, की ते मरत नाहीत, तयार होतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात हा इशारा देऊन ठेवला आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. रोग्याच्या रक्तातही एवढे नसते! शहराच्या गटारात प्रमाण त्या मानाने फारच थोडे. पण जंतूंची तालीम थोडक्यावरच चालते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला, आणि २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादाच वगळल्या. पाणी गाळायचे सोडून नियम गाळला!

उद्या सकाळी ओझोनचे यंत्र बसवा, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, सांडपाण्याची केंद्रे बांधताना या शेवटच्या टप्प्यासाठी जागा राखून ठेवा. नंतर भिंती पाडणे महाग पडते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णालयांचे पाणी गावच्या गटारात मिसळण्याआधी तेथल्या तेथे शुद्ध करा. जळगावात विद्यापीठ आहे. गिरणेच्या आणि पांझरेच्या पाण्यात कोणते औषध किती, हे तेथे मोजून दरसाल लोकांपुढे मांडा. केरळने २०२५ मध्ये घरोघरची उरलीसुरली औषधे गोळा करण्यास आरंभ केला. ते आपल्याला जड आहे काय? आणि वाचकहो, थोडे आपल्याकडेही येते. सर्दीसाठी दुकानदाराकडे प्रतिजैविक मागू नका, आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडलेल्या जुन्या बाटल्या मोरीत रित्या करू नका.

पांझरेच्या काठी शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने यायचे, पाटकरी ते पाळीपाळीने द्यायचा, आणि वरच्या शेतकऱ्याने खालच्याचा वाटा ठेवूनच आपले रान भिजवायचे. त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांना खालचा माणूस दिसत होता. आज आपली पांझरा मुडावदला तापीत मिळते, तापी उकाईच्या धरणात जाते, आणि पुढे सुरतेची लेकरे ते पाणी पितात. खालच्याचे पाणी अडविणे ज्यांना पाप वाटे, त्यांच्या नातवंडांनी ते नासवावे, हा कुठला न्याय?