कुत्र्याने धावावे, मालकाने विचार करावा

कुत्र्यांच्या शर्यतीशी डॉक्टरचा काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे. 'ॲजिलिटी' नावाच्या खेळात कुत्र्याबरोबर मालकही धावतो आणि पुष्कळदा तो चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला असतो.

हा खेळ मूळचा इंग्लंडचा. १९७८ साली लंडनच्या 'क्रफ्ट्स' या श्वानप्रदर्शनात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी, घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून तो बेतण्यात आला. १९८० साली तेथील केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. उड्या, बोगदे, उंचावरच्या अरुंद फळ्या, ओळीने रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी धाव, असे साधारण वीस अडथळे असतात. त्यांचा क्रम दरवेळी नवा. मालक आधी काही मिनिटे एकटाच मैदानात फिरून तो पाठ करतो. कुत्र्याला मात्र काहीच ठाऊक नसते. शर्यत सुरू झाल्यावर त्याला हात लावायचा नाही. आवाज, हात आणि शरीराची दिशा यांवरच सारा कारभार!

डावपेच लागतात ते वळणावर. तेथे मालकाला कुत्र्याची बाजू बदलावी लागते. एक रीत म्हणजे पुढे जाऊन, कुत्र्याकडे तोंड करून वळणे. यात कुत्रा नजरेसमोर राहतो. दुसरी, पुढूनच पण त्याच्याकडे पाठ करून जाणे. ही झटपट होते, पण क्षणभर कुत्रा दिसत नाही. तिसरी, कुत्र्याला अडथळ्याकडे पाठवून त्याच्या मागून बाजू बदलणे. याखेरीज काही जण लांब उभे राहून, केवळ इशाऱ्यांवर कुत्र्याला फिरवतात.

प्रेक्षकांच्या टाळ्या पहिल्या दोन रीतींना मिळतात. लांबून हाताळणाऱ्याला मात्र 'आळशी' म्हटले जाते. मला हे मान्य नाही. चपळ कुत्र्याच्या पुढे पोहोचण्यासाठी पन्नाशीच्या माणसाने अंग गरम न करता एकदम धाव घेतली, तर पोटरीचा स्नायू किंवा टाचेमागची शीर दुखावू शकते. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग गर्रकन वळलेले, अशा वेळी गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचा धोका असतो. त्यापेक्षा कुत्र्याला दुरून काम करायला शिकवणे अवघड आहे. त्याला महिनोन्‌महिने सराव लागतो. हा आळस कसा? चाकाच्या खुर्चीत बसूनही माणसे हा खेळ खेळतात, ती याच बळावर.

यात कुत्र्याचेही हित आहे. धापा टाकणाऱ्या मालकाचा इशारा उशिरा येतो. तोवर कुत्र्याने उडी घेतलेली असते. मग तो जमिनीवर येता येता अंग पिळून वळतो आणि त्याच्या सांध्यांवर ताण पडतो. उडीच्या आधी मिळालेला इशारा वेळ वाचवतो आणि पायही. केनेल क्लबच्या नियमानुसार अठरा महिन्यांखालील कुत्र्याला स्पर्धेत उतरवता येत नाही. वाढत्या हाडांचा एवढा विचार कुत्र्यासाठी होतो. झिजत्या गुडघ्यांचा विचार मालकाने स्वतःसाठी का करू नये?

आपल्या गावात अशी स्पर्धा नसेलही. पण पन्नाशीनंतर बॅडमिंटन, क्रिकेट किंवा पळणे सुरू करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आधी दहा मिनिटे भरभर चालून अंग गरम करावे. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरू नये. दुखणे ही शरीराने दिलेली सूचना असते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. खेळताना छातीत दुखले, दम कोंडला किंवा चक्कर आली, तर खेळ तिथेच थांबवून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

खेळ जरूर खेळावा. मात्र डाव आखताना आधी स्वतःच्या गुडघ्यांना विचारावे, टाळ्या वाजवणाऱ्यांना नव्हे.