आजारी लेकराला समुद्र दाखवला, तर कुणाचं काय बिघडलं?

मंडळी, मागच्या वर्षी मी इथंच आपल्या शिरवळमधल्या एका मुलीच्या उपचारासाठी मदत मागितली होती. नऊ वर्षांची पोर, रक्ताचा कॅन्सर, उपचार पुण्यात. बराचसा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. गाडीभाडं, बाहेरची औषधं, पुण्यातली खोली, याचा भार तुम्ही उचललात. एमआयडीसीतल्या कंत्राटी पोरांनीसुद्धा पगारातून पैसे दिले. ते विसरलेलो नाही.

या मे महिन्यात आईवडील तिला दोन दिवस अलिबागला घेऊन गेले. वडिलांनी स्टेटसला एकच फोटो ठेवला. डोक्याला टोपी, पाय पाण्यात, आणि पोर हसतेय. त्याच रात्री मला मेसेज यायला लागले. "आम्ही पैसे औषधाला दिले होते, फिरायला नाही." "एवढी आजारी आहे तर समुद्रावर कशी?"

आधी हिशोब. जमलेला पैसा उपचारावरच खर्च झालाय, बिलं माझ्याकडं आहेत, कधीही येऊन बघा. अलिबागचा खर्च मुलीच्या मामानं केला. देणाऱ्यानं हिशोब मागावा, तो त्याचा हक्कच आहे. पण चार पैसे दिले म्हणून त्या घरानं वर्षभर तोंड पाडून बसावं, असा करार कुणी केला नव्हता.

आता माझी चूक सांगतो. वडिलांनी मला विचारलं तेव्हा मीही म्हणालो होतो, "आधी बरी होऊ दे, मग कुठंही न्या." ते एवढंच म्हणाले, "बरी कधी होणार ते सांगा, तेव्हाचं बुकिंग करतो." माझ्याकडं उत्तर नव्हतं. या आजाराचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. नऊ वर्षांच्या पोरीला दोन-तीन वर्षं म्हणजे केवढा काळ! तो सगळा सुया आणि वॉर्डातच मोजायचा का?

आणि हे लोक उठले आणि निघाले असंही नाही. दिवाळीत जायचं ठरलं होतं, पण पांढऱ्या पेशी कमी होत्या. डॉक्टर नको म्हणाले, यांनी बेत रद्द केला. पोर दोन दिवस बोलली नाही. मे महिन्यात आधी रक्त तपासलं, मगच परवानगी मिळाली. आठवड्याच्या मधले दिवस धरले, म्हणजे गर्दी नको. अलिबाग निवडलं कारण तिथं जिल्हा रुग्णालय आहे. फाईल आणि डॉक्टरांचं पत्र सोबत. जेवण ताजं, गरम, पाणी उकळलेलं. ताप १०० च्या वर जायला लागला तर घरगुती गोळी देऊन वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन आणि दवाखाना, हे आईला तोंडपाठ होतं. आपल्यातले किती जण धडधाकट पोरांना घेऊन जाताना एवढा विचार करतात?

एक गोष्ट टोचेल, पण बोलतो. हीच पोर मांढरदेवला यात्रेच्या गर्दीत नवस फेडायला नेली असती, तर कुणी एक शब्द बोललं नसतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लेकराला खरा धोका गर्दीचाच असतो. देवावर माझा राग नाही. काळजी खरी असेल तर ती दोन्हीकडं सारखी दिसायला हवी, एवढंच.

आजारी मुलाची इच्छा हा चोचला नाही, हे आपल्याच मुंबईतल्या एका घरानं दाखवलंय. उदय आणि गीता जोशी यांचा मुलगा गौरव याला रक्ताचा कॅन्सर होता. डिस्नेच्या दुनियेत जायची त्याची इच्छा अमेरिकेतल्या 'मेक-अ-विश' संस्थेनं पुरी केली. तो गेला. आईवडिलांनी १९९६ साली भारतात तसंच काम सुरू केलं, गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करण्याचं.

आणि सरकार? कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. पण फक्त उपचाराला किंवा तपासणीला जाताना. वर्षातून एकदा अशा मुलाला आईबापासोबत कुठं जायचं असेल, तर तेवढी सवलत द्यायला काय हरकत आहे? खासदारांकडं ही मागणी मी लेखी देणार आहे. सही करायची असेल त्यांनी कळवा.

प्रत्येकानं न्यावंच, असं मी म्हणत नाही. डॉक्टर नको म्हणाले तर नको. कर्ज काढून नको. पोराला झेपत नसताना आपल्या हौसेसाठी तर नकोच. मग घराच्या गच्चीवर चादर टाकून चांदणं बघा, नीरेच्या काठावर संध्याकाळी अर्धा तास बसा. पण न्यायचं की नाही, हे आईबाप, डॉक्टर आणि ते लेकरू मिळून ठरवतील. गावानं नाही.

पोरीचे उपचार पुन्हा सुरू झालेत. काल भेटायला गेलो तर तिनं मला ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत कसं जातात ते समजावून सांगितलं. स्वतः गेली नव्हती, लांबूनच बघितलं. "पुढच्या वेळी आत जायचंय," म्हणाली.

भेटलात तर तिला तब्येत विचारू नका. किल्ल्याचं विचारा.